दोघीच जाणार?

जून लागला की शनिवारी सकाळी कर्जत आणि नेरळच्या फलाटांवर सॅकवाल्यांची झुंबड उडते. कुणाला आंबिवलीहून पेठच्या किल्ल्यावर जायचं असतं, कुणाला खांडसहून शिडीघाटाने भीमाशंकर गाठायचं असतं, कुणी कोंढाण्याची लेणी पाहून राजमाचीकडे निघालेलं असतं. टमटमच्या टपावर सॅक, आत सॅकवाले, आणि बाजारहाट करून परतणाऱ्या आम्ही बाया फळीच्या कडेला अंग चोरून बसलेल्या. आमच्या भागातल्या दोन-तीन पिढ्या हेच बघत वाढल्या. वाट दाखवणारी ठाकर-कातकऱ्यांची पोरं, पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या घरच्या बाया, ओल्या बुटांना चुलीशेजारी जागा करून देणारे म्हातारे, एवढाच आमचा प्रवासाशी संबंध. सॅक ही कायम दुसऱ्याच्या पाठीवरची वस्तू.

मी पोशीरची. झेडपीच्या शाळांत नोकरी केली आणि निवृत्त झाले. मैत्रीण कशेळ्याकडची, घरची भातशेती सांभाळून शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांना जेवू घालणारी. व्हिएतनामला जायचं आम्ही ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत एकच संवाद झाला.

“सोबत कोण आहे?”

“ही आहे की.”

“ती आहे गं, पण सोबत कोण?”

गावातली चौकशी वेगळी. टूर कुठली, गाइड मराठी आहे का, जेवण आपलं मिळतं का. टूर नाही म्हटल्यावर समोरचा माणूस आधी आमच्या तोंडाकडे बघायचा आणि मग मनातल्या मनात वयाचा हिशेब करायचा. “दोघीच जाणार?” हा प्रश्न इतक्यांदा विचारला गेला की पुस्तकाला वेगळं नाव शोधायची गरज पडली नाही.

सोबत राखणीसाठी असते असं विचारणारे सगळे धरून चालले होते. आम्हीही निघताना थोडंफार तसंच धरलं होतं. पण या पुस्तकाचा डोलारा दुसऱ्याच गोष्टीवर उभा आहे. बरोबरीची बाई राखण करते त्यापेक्षा जास्त टोकते. आपण जे पाहिलं असं छातीठोकपणे सांगतो, ते ती शेजारी उभी राहून खोडून काढते. म्हणून इथला मजकूर मी लिहिला असला, तरी हस्तलिखिताचं पानन् पान तिने वाचलं आहे, आणि जिथे तिला पटलं नाही तिथे तिचं म्हणणं वेगळ्या टाइपात तिथल्या तिथे छापलं आहे. एक-दोन ठिकाणी ते गाळण्याचा मोह झाला होता. गाळलेलं नाही.

असं दुसरं म्हणणं आपल्याकडच्या प्रवासवर्णनांत फारसं सापडत नाही. शेजारच्या पेण तालुक्यातलं वरसई हे विष्णुभट गोडशांचं गाव. घराला कर्ज झालेलं, आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली सुटेल, अशी बातमी आलेली. 1857 साली विष्णुभट आपल्या रामभटकाकांबरोबर निघाले. तिकडे लोक भांग पितात, तिकडच्या बायका मायावी असतात, अशी घरच्यांना धास्ती. आमच्या घरच्यांना सापाच्या मटणाची आणि हरवलेल्या पासपोर्टची होती, एवढाच फरक. काका-पुतणे महूच्या आसपास पोचतात तोवर बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीच्या वेढ्यात दोघे अडकले, लुटले गेले, आणि काळपीच्या वाटेवर खुद्द राणी लक्ष्मीबाई त्यांना विहिरीपाशी भेटल्या. निघाले होते दक्षिणेसाठी, परतले ते गंगेची कावड घेऊन. हे सगळं विष्णुभटांनी पुढे पंचवीसएक वर्षांनी लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापलं.

हे पुस्तक वाचताना दर वेळी माझं मन रामभटकाकांपाशी अडतं. झाशीत कत्तल चालली होती तेव्हा पुतण्याइतकेच काकाही तिथे होते. त्यांनी काय पाहिलं? पुतण्याला आठवेल आणि लिहावंसं वाटेल तेवढंच काका बोलतात. पु. ल. देशपांड्यांच्या ‘अपूर्वाई’तही सुनीताबाई बरोबर आहेतच, पण पेन पुलंच्या हातात आहे. मीना प्रभूंची पुस्तकं वाचून माझ्यासारख्या कितीतरी बायकांनी घरबसल्या जग पाहिलं. तिथेही सांगणारी एकच. माझी तक्रार नाही. पुस्तकं फार गोड आहेत. फक्त शेजारच्या सीटवरचं माणूस काय म्हणालं असतं, हे मला वाचायला आवडलं असतं.

आमच्या बाजूची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. गागोदे हेही पेण तालुक्यातलंच, विनोबांचं जन्मगाव. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांच्या विरोधात 1962 मध्ये दिल्लीहून वॉशिंग्टनला पायी निघाले, तेव्हा विनोबांनी त्यांना दोन पथ्यं सांगितली. जवळ पैसे ठेवायचे नाहीत आणि मांसाहार करायचा नाही. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया करत ते दोघे युरोपात पोचले. जॉर्जियात एका चहाच्या कारखान्याबाहेर त्यांना चहाच्या चार पुड्या मिळाल्या. तेव्हाच्या चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांना एकेक द्या, बटण दाबायच्या आधी चहा घ्या म्हणावं, असा देणारीचा निरोप. विनोबांच्या पथ्यातली खोच मला फार उशिरा कळली. खिशात पैसा नसला की रोज संध्याकाळी कुणाचं तरी दार वाजवावं लागतं, आणि दार वाजवलं की बोलावं लागतं. शाकाहारी असलात तर का ते सांगावं लागतं, म्हणजे आणखी बोलावं लागतं.

बिनपैशाने जाण्याची आमची छाती नाही. पण हॉटेलं टाळून जमेल तिथे लोकांच्या घरी उतरायचं, हे आम्ही तिथून उचललं. मैत्रिणीचं कारण वेगळं होतं. इतकी वर्षं परक्यांना जेवू घालते, एकदा कुणाच्या तरी घरी परकी म्हणून जेवून बघायचंय, असं ती म्हणाली. हेच कारण जास्त खरं असावं.

व्हिएतनामच का, हे बरेच जण विचारतात. उत्तर फार तात्त्विक नाही. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे. ई-व्हिसा घरबसल्या निघतो, आणि 2023 च्या ऑगस्टपासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. स्वस्ताई आहे. उत्तर-दक्षिण लांबलचक देश, त्यामुळे एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परत येता येतं, मागे फिरावं लागत नाही. आणि भात. भात पिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा भात बघायची ओढ असते, हे शहरातल्या माणसाला समजावणं कठीण आहे. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने काढलेली कर्जत-3, कर्जत-7 अशी वाणं मैत्रिणीच्या शेतात आहेत. जगात सर्वांत जास्त तांदूळ विकणाऱ्या देशांत भारत आणि थायलंडच्या जोडीला व्हिएतनाम बसतो. 1986 च्या आर्थिक सुधारणांआधी मात्र हाच देश तांदूळ बाहेरून आणत होता. एवढं कळल्यावर तिने दुसऱ्या कुठल्या देशाचं नाव घेऊ दिलं नाही.

पैशांबद्दल, खाण्याबद्दल, गाड्यांबद्दल आत तपशिलाने आहे, म्हणून इथे उडतंच सांगते. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डाँग मिळतात, त्यामुळे पहिल्या दिवशी माणूस लखपती होतो. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, आणि अंधाऱ्या गल्लीत शहाळ्याचे पैसे देताना ही निळाई महागात पडू शकते. आमची नोटांची थैली पहिल्या दिवसापासून मैत्रिणीकडे होती. खाण्यात फिश सॉस जिथे तिथे आहे. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या आमच्या नाकांना त्याचं काही वाटलं नाही, पण मैत्रिणीचा सोमवार असतो. तिथे बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, त्यामुळे शाकाहारी खानावळी गावोगाव आहेत. पाटीवर ‘चाय’ दिसलं की आत शिरायचं, चहा मिळेल या आशेने मात्र नाही. अंड्याची कॉफी मी दोन कप प्यायले. तिने एका घोटानंतर कप माझ्याकडे सरकवला, आणि का सरकवला ते पुस्तकात सविस्तर लिहून ठेवलं आहे.

हनोई ते सायगाव ही 1,726 किलोमीटरची रेल्वे 1936 मध्ये पुरी झाली, युद्धात जागोजाग तुटली, आणि देश एक झाल्यावर 1976 च्या अखेरीस पुन्हा जोडली गेली. मीटर गेज, एकेरी मार्ग, वेग बेताचा. ह्वे सोडल्यावर हाय वान घाट लागतो, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला थेट समुद्र. डब्यातले सगळे खिडकीला मोबाइल लावून बसलेले. कर्जतला बोरघाटासाठी गाडीला मागून इंजिन लावतात ते बघत मोठी झालेली आमची ही बाई खिडकीतून मागे वाकून बँकर लावलाय का ते बघत होती.

हनोईत रस्ता ओलांडणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. दहा कोटींच्या देशात सात कोटींहून जास्त मोटारसायकली नोंदलेल्या आहेत आणि जुन्या पेठेत त्या सगळ्या एकदमच आल्यासारख्या वाटतात. थांबायचं नाही, धावायचं नाही, मागे फिरायचं तर मुळीच नाही. एकाच संथ चालीने पाऊल टाकत राहायचं, मग गाड्या तुम्हाला वळसा घालून जातात. पहिल्यांदा आम्ही एकमेकींचा हात घट्ट धरला. मध्यावर तिने झटका देऊन हात सोडवला. “तू थबकलीस की मीपण थबकते. आपापलं चाल.” हे ती रस्त्याबद्दलच बोलली होती, पण पुढचा सगळा प्रवास आम्ही त्याच बोलीवर केला.

आता निन्ह बिन्ह. पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण हे आहे आणि त्याबद्दल मला दिलगिरी वाटत नाही. फेब्रुवारी होता. आमच्याकडे तेव्हा भाताची खाचरं मोकळी, कुठे कुठे वाल. उत्तर व्हिएतनामात मात्र त्यांच्या नव्या वर्षाचा सण उरकून वासंतिक पिकाची लावणी चालू झालेली. आकाश राखाडी, दिवसभर बारीक भुरभुर, अंगात स्वेटर. ताम कोकजवळ चुनखडीच्या सुळक्यांच्या पायथ्याशी खाचरं आणि त्यात वाकलेल्या बाया. डोक्यावर त्यांच्या त्या शंकूसारख्या टोप्या. पाऊस टोपीवरून ओघळून चिखलात, पाठ मात्र भिजतेच. मैत्रीण म्हणाली, आपलं इरलं बरं, पाठ झाकतं. आणि लगेच म्हणाली, पण आता इरलं वापरतंय कोण, सगळे प्लॅस्टिकचा कागद पांघरतात.

एक साठीची बाई बांधाजवळच लावत होती. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, रोप चिखलात खुपसून हात वर यायच्या आत पुढचं रोप सुटं झालेलं. मागे मागे सरकत चाललेली, अगदी आमच्याकडे सरकतात तशी. आमच्याकडे रोपाच्या जागी पालापाचोळा, शेण अंथरून राब भाजतात. यांच्याकडे तसं काही दिसलं नाही. रोपंही आमच्यापेक्षा लहान, वीतभर. मैत्रिणीने बूट काढले, पँट गुडघ्यावर दुमडली, बाईकडे बघून हात जोडले आणि खाचरात उतरली. भाषेचा एक शब्द दोघींना येत नव्हता. बाईने तिच्या हातातली मूठ बघितली, मूठ धरण्याची रीत बघितली, आणि बाजूच्या बाईला हाक मारून काहीतरी सांगितलं. मग सगळ्या हसल्या. मैत्रिणीने एक ओळ लावली. बाईने चार बोटं दाखवून अंतर कमी कर असं खुणावलं. परतताना पाय धुवायला त्यांनी तांब्याभर पाणी दिलं.

मी हे फार हौसेने लिहिलं. दोन देशांच्या बाया, एक चिखल, हसू, वगैरे. त्याखाली वेगळ्या टाइपात काय छापलं आहे ते इथेच सांगते, म्हणजे पुस्तकाची तऱ्हा कळेल. ‘मी लावलेली ओळ तिने आम्ही बांधावर चढल्यावर उपटली आणि परत लावली. मी वळून बघितलं. बरोबरच केलं तिने, माझं अंतर जास्त झालं होतं. मीपण ट्रेकवाल्या पोरींनी लावलेलं तसंच परत लावते, त्या गेल्यावर.’ मी तेव्हा टोप्यांचे फोटो काढत होते.

इतिहासाचा भाग मी आवरता घेणार होते, पण एका जोडगोळीने अडवलं. इसवी सन 40 मध्ये त्रुंग त्राक आणि त्रुंग न्ही या दोघी बहिणींनी चिनी हान सत्तेविरुद्ध उठाव केला, राज्य उभं केलं आणि तीनेक वर्षं टिकवलं. पुढे चिनी सेनापती मा युआनने त्यांचा पाडाव केला. हनोईतल्या एका भागाला त्यांचं नाव आहे, आणि मे लिन्हच्या देवळात चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्यात त्यांची जत्रा भरते. चित्रांत दोघी हत्तीवर बसलेल्या असतात. ‘सोबत कोण?’ हे त्यांना कुणी विचारल्याचं चित्रांतून दिसत नाही.

सायगावात नदीकाठी मे लिन्ह नावाचाच चौक आहे. 1962 मध्ये तिथे या बहिणींचा पुतळा बसवला होता. दक्षिण व्हिएतनामच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या भावजय मादाम न्हू यांचा त्यात पुढाकार, आणि पुतळ्याचा तोंडवळाही त्यांच्यासारखाच झालाय असं लोक म्हणत. पुढच्याच वर्षी सरकार उलथलं आणि जमावाने पुतळा पाडला. आज तिथे त्रान हुंग दाओ उभा आहे. 1288 मध्ये बाख डांग नदीच्या तळात याने टोकदार वासे रोवले, भरतीच्या पाण्यात मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागताच जहाजं त्या वाशांवर चढली.

मराठी माणूस सायगावात गेला की एक गोष्ट हमखास शोधतो, आम्हीही शोधली. तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे आणि अमेरिकेविरुद्धचं युद्ध महाराजांच्या चरित्रावरून लढलं गेलं, असं व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरतंय. असा पुतळा आम्हाला कुठे सापडला नाही, विचारलं त्या कुणाला ठाऊक नव्हता. मला त्याची गरजही वाटली नाही. खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीत 1661 च्या फेब्रुवारीत महाराजांनी कारतलबखानाची फौज घाट उतरून अरुंद खिंडीत येऊ दिली आणि दोन्ही तोंडं बंद केली. ज्याने ती खिंड चालून बघितली आहे, त्याला त्रान हुंग दाओच्या पुतळ्यासमोर उभं राहून नदी, वासे आणि ओहोटी यांचं गणित आपोआप उलगडतं. दोन डोकी, दोन मुलुख, आपापल्या पाण्याची आणि डोंगराची सारखीच ओळख. एकाने दुसऱ्याकडून उसनं घेतलं असं ठरवलं तर दोघांचाही अपमान होतो.

‘मी सन’ इथल्या देवळांबद्दल मी भरभरून लिहिलं आहे, ते वाचकाने सहन करावं. चौथ्या शतकात चंपा राज्याच्या भद्रवर्मा नावाच्या राजाने तिथे भद्रेश्वराचं लिंग स्थापलं, नंतर हजारभर वर्षं विटांची देवळं उठत राहिली. 1969 मध्ये अमेरिकी बॉम्बने त्यातली बरीच उद्ध्वस्त केली. आपल्या पुरातत्त्व खात्याने काही देवळांची डागडुजी केली, आणि ते काम चालू असताना 2020 मध्ये वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग मातीखालून निघालं. आमच्या लोकलच्या वाटेवर 1060 सालचं अंबरनाथचं शिवालय आहे, ते मी लहानपणापासून बघते. चार हजार किलोमीटरवर संस्कृत शिलालेख वाचायला मिळाल्यावर मास्तरीण गप्प कशी बसणार? मैत्रिणीचं तिथलं टिपण दोन ओळींचं आहे आणि त्यात गवत कापायला किती माणसं लागत असतील याचा अंदाज आहे.

सायगावच्या युद्धस्मृती संग्रहालयाचं प्रकरण मात्र एकटीचं आहे. एजंट ऑरेंजच्या दालनापाशी ती बाहेर पडली आणि मी आत राहिले. त्या प्रकरणात वेगळा टाइप कुठेही नाही. कुचीची भुयारं, दोनशे किलोमीटरहून लांब पसरलेलं ते जाळं, दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी बघितलं, पण त्यातही ती फक्त आतल्या स्वयंपाकघराबद्दल बोलते. धूर दूरवर, थोडा थोडा, जमिनीलगत सुटेल अशी चूल भुयारांत राहणाऱ्या लढवय्यांनी खणली होती. चुलीचं ते रेखाचित्र पुस्तकात तिने काढलेलंच आहे.

भांडणं झाली. कुठे झाली ते पुस्तकात आहे, कोण बरोबर होतं ते नाही. बहुतेक वेळा विषय उठण्याची वेळ हाच असायचा. तिला पहाटे जाग येते, मला येत नाही. पण दोघींत एक सोय असते, अबोला धरला तरी दुपारपर्यंत पाण्याची बाटली मागावीच लागते. तिघी असत्या तर मतदान सुरू झालं असतं आणि एक जण कायम अल्पमतात गेली असती. परतल्यापासून पुष्कळ जणी विचारतात, पुढच्या वेळी आम्हीपण येऊ का. त्यांना आमचं सांगणं असं, तुम्ही दोघी-दोघी ठरवून वेगळ्या निघा. आमची सॅक, दोन कुलपं आणि प्लगचं ॲडॉप्टर नेऊ शकता, फक्त परत आणून द्या.

शेवटी वापराबद्दल. खर्चाचं प्रकरण पूर्ण तिचं आहे. भाव बदलतील, म्हणून तिने प्रत्येक ठिकाणी भाताच्या ताटाचा भाव पहिला लिहिला आहे. बाकीचे भाव त्यावरून ताडून बघावेत, असं तिचं म्हणणं. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. शेती असलेल्यांनी निन्ह बिन्हपासून सुरुवात करावी, रेल्वेची आवड असलेल्यांनी ह्वेपासून. आणि ज्यांना अंड्याच्या कॉफीवर दोन मतं वाचण्यात रस नाही, त्यांनी ती चार पानं उलटली तरी हरकत नाही, तिथे माझा पराभव झाला आहे असं तिचं मत आहे.

पोशीर, तालुका कर्जत